लिंबाखालची शिरगणती

मी कारखानदारांशी भांडलोय, तहसीलदारांशी भांडलोय, संपादकांशी तर रोजच. पण माझी खरी फजिती झाली ती शास्त्रशुद्ध वागायला गेलो तेव्हा. चहा घ्या, सांगतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचे गणपतआबा एकदा कचेरीत आले आणि टेबलावर बाटली ठेवली. आत चहाच्या रंगाचं पाणी. त्यांच्या विहिरीचं! वरच्या अंगाला स्पिरिटचा कारखाना, त्याचं सांडपाणी ओढ्यात, आणि ओढ्याला लागून विहीर. वस्तीवर घरोघरी खाज आणि चट्टे. प्यायला-वापरायला नुकताच सरकारी टँकर सुरू झाला होता, पण पाण्यानंच आजार होतो याचा पुरावा नसेल तर तो बंद करू, असं तहसीलदारांनी बजावलं होतं.

माझं डोकं सणकलं. एरवी मी त्याच दिवशी कारखान्यावर सणसणीत बातमी ठोकली असती. पण नुकतंच पुण्यात संख्याशास्त्राच्या एका प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकून आलो होतो. ते म्हणाले होते, नुसतं ओरडू नका, मोजा. खराब पाण्याच्या गावातले आजारी मोजा, चांगल्या पाण्याच्या गावातले मोजा, मग तुलना करा. आणि शक्यतो एकाच दिवशी.

मला हे फार पटलं. तुलनेला निमगाव केतकी घेतलं. ओढ्यापासून लांब, पाणी चांगलं. दिवस निवडला बाजाराचा, म्हणजे माणसं एकाच जागी भेटतील. हुशारी बघा माझी!

सकाळी वस्तीवर गेलो. आबा बाजाराला गेले होते. मला बरंच वाटलं. तक्रारदार समोर नसला की लोक मोकळं बोलतात. घरी जे होते ते सगळे ठणठणीत. "खाज? मला न्हाय बा," असं म्हणत एकानं खांद्यावर खताचं पोतं उचललं.

दुपारी निमगाव. बाजाराच्या गर्दीत कुणाला थांबवणार? दवाखान्यासमोर लिंबाखाली माणसं निवांत बसलेली दिसली. ज्याला विचारावं तो खाजवतोय. एका बाईच्या मांडीवर लहान मुलगी होती, तिच्या पायांवर जखमा. खाज येते का, विचारलं. लई येती, म्हणाली. मी लिहून घेतलं.

आता कारखान्याची बाजू घेणं माझ्या जिवावर आलं होतं. पण सत्य ते सत्य. छापलं: 'ओढ्याकाठची वस्ती निरोगी, निमगावाला खाजेनं ग्रासलं'.

वस्तीचा टँकर बंद झाला. कारखान्यातून माझ्यासाठी पेढे आले. ते मी बाणेदारपणे परत पाठवले, पण ते का आले, एवढा विचार काही केला नाही.

मग आबा आले. या वेळी बाटली नव्हती.

"सायेब, निमगावात जिचं पाय बघितलं, ती माजी नात."

"मग ती निमगावात काय करत होती?"

"वस्तीवर डॉक्टर हाय का? बाजारच्या दिशी जीप मिळती, म्हून समदी आजारी त्याच दिशी तितं जात्यात."

"अहो, मग सूनबाईंनी सांगायचं ना, आम्ही वस्तीवरचे म्हणून!"

"तुमी खाज ईचारली. गाव कुठं ईचारलं?"

टँकर मी पुढे भांडून चालू करून घेतला. पण मधल्या काळात त्या पोरीचे पाय त्याच तांबड्या पाण्यानं धुतले गेले. तेवढ्या भागाला मला अजून हसू येत नाही.

आबांचं ते ऐकलं तेव्हा तर मी इतका पेटलो होतो, की आबा नको नको म्हणत असताना त्यांच्या विहिरीवर जाऊन आंघोळ केली. म्हटलं, आता पुरावा मीच! पुढच्या बाजाराला अंगभर चट्टे घेऊन आबांबरोबर निमगावच्या दवाखान्यात हजर.

लिंबाखाली आरोग्य खात्याचा माणूस मोजणी करत बसला होता. माझी बातमी वाचून खात्याला जाग आली होती, आणि ती निमगावात आली होती.

"खाज?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"आहे. पण मी इथला नाही. मी ओढ्याकाठच्या विहिरीवर—"

"गाव ईचारायचं न्हाय आपल्याला. पेपरात आली तीच पद्धत धरायला सांगितलीया."

ही कुठल्या गाढवाची पद्धत, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला म्हणाले, "लिवा दादा. निमगावचा आनकी एक."