हिरवा थर

नाणं हातात दिलं की काका आधी ते उभं धरायचे. दोन बोटांत, उजेडाकडे. "चेहरा कोणीही काढतो," म्हणायचे, "कड बघ."

शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवर ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे नागपूरचे, कामाने प्रोग्रॅमर. माझे बाबा खाली साड्यांच्या दुकानात होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यात विषय इतिहास, म्हणून काका मला हौसेने नाणी दाखवायचे. त्यातलं मला किती कळलं कोण जाणे. जे पाहिलं ते सांगते.

ते सेल्टिक नाणी जमवत. रोमन लोक येण्याआधी फ्रान्सच्या भागात राहणाऱ्या लोकांची. त्यांवरचा घोडा असा, की पाय एकीकडे आणि मान भलतीकडे. बाबांनी एकदा विचारलं, आपली शिवराई सोडून हे काय? काका म्हणाले, "शिवराई फेक आहे म्हटलं तर लोक मारायला उठतील. इथे भांडायला कोणी येत नाही."

पण येत होते. तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल, ज्याचं चुकत नाही आणि ज्याला गप्प राहवत नाही. नाण्यांच्या क्लबात काका एकटेच भारतीय. कोणी कौतुकाने नाणं पुढे केलं की ते उभं धरून सांगायचे, फेक आहे, साच्यात ओतलंय, मग साच्याची रेघ कानशीने घासून काढलीय. क्लबच्या म्हाताऱ्या अध्यक्षांच्या लाडक्या नाण्यालाही त्यांनी सगळ्यांदेखत हेच ऐकवलं होतं.

म्हणून काकांनी स्वतःचं एक कांस्याचं नाणं क्लबात नेलं, तेव्हा अध्यक्षांनीही ते उभं धरलं. कडेवर कानशीचे ओरखडे होते. "फेक," अध्यक्ष म्हणाले, आणि टेबलाभोवती सगळे मनापासून हसले. काकांचं म्हणणं असं, की शतकानुशतकं जमिनीत राहून कांस्यावर चढतो तो हिरवा थर त्या ओरखड्यांच्या वरून चढलेला आहे. थर जुना असेल तर ओरखडेही जुनेच. शेवटी ठरलं, पुढच्या बैठकीला बाहेरगावचे एक तज्ज्ञ थर तपासतील. थर खरा निघाला तर अध्यक्ष शब्द मागे घेतील. नुसता रंग निघाला तर काका क्लब सोडतील.

मध्ये दिवाळी आली. त्या वर्षी काकांची नोकरी गेली होती, म्हणून काकूंनी लक्ष्मीपूजन जरा जास्तच मनापासून मांडलं. माहेरचे चांदीचे रुपये चिंचेने घासता घासता त्यांना वाटलं, ह्यांचा जीव ज्यात आहे तेही देवीपुढे असावं.

आम्ही वर गेलो तेव्हा ताटात, तांदळावर, ते नाणं नव्या कळशीसारखं झळकत होतं. "बघ गं," काकू मला म्हणाल्या, "किती काळवंडलं होतं. आता घोडा तरी दिसतो."

काका नमस्काराला वाकले आणि तसेच राहिले. मग उठून त्यांनी सगळ्यांना पेढे दिले.

बैठकीला ते मलाही घेऊन गेले. तज्ज्ञ भला माणूस होता. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की थरच नाही, आता काही ठरवता येणार नाही. अध्यक्ष म्हणाले, ज्याला लपवायचं असतं तोच ऐनवेळी नाणं घासतो. मी बोलायला तोंड उघडलं. काकांनी मला हातानेच गप्प केलं.

"मीच घासलं," ते म्हणाले.

परतताना गाडीत मी चाचरत म्हटलं, खरं सांगायला हवं होतं. "त्या लोकांच्या तोंडी बायको देऊ?" ते म्हणाले. त्या दिवशी मला काका फार मोठे वाटले.

घरी मात्र त्यांनी काकूंशी बोलणं टाकलं. जेवताना मीठ हवं असेल तर स्वतः उठून घ्यायचे. निरोप माझ्या आईकडून जायचे. आईने समजावून पाहिलं, काकूंनी माफी मागून पाहिली. आधी वाटलं, आठवडाभराचा राग असेल. मग त्यांना टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला नोकरी मिळाली, तिथं त्यांनी मोठं घर घेतलं, आणि काकू फोनवर हसून सांगायच्या, बरंय बाई, दोघांना दोन टोकं मिळाली.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच. तेरावं झाल्यावर मी फोन केला. काकू थंडीचं बोलल्या, माझ्या पीएचडीचं बोलल्या, मग मध्येच म्हणाल्या, "तू शिकलीस ना त्यातलं. ते नाणं खरं होतं का गं?"

मला ते खरं वाटलं होतं. आजही वाटतं, जरी सिद्ध करता येणार नाही. पण खरं म्हटलं तर काकूंच्या हातून काकांची जिवापाड जपलेली वस्तू गेली, हे मीच त्यांना सांगितल्यासारखं झालं असतं. आणि खोटं म्हणायचं, तर मीही त्या टेबलाभोवतीच्या लोकांत जाऊन बसणार होते.

"खोटं होतं, काकू," मी म्हटलं.



"मग एवढी वर्षं ते माझ्याशी का बोलले नाहीत?"