माफी मांगतली कोनं?

मी आमचं गाव हिंगणी सोडलं त्या दिवशी एसटी एका बाजूला कलली होती. खोटं नाही. आईने दिलेल्या डब्यांचं आणि बरण्यांचं वजन एवढं, की कंडक्टरने आधी मला उलट्या बाजूला बसवलं आणि मगच घंटी मारली. तिच्या तिखटाच्या वासाने जवळच्या बोर धरणाच्या जंगलातले वाघ आठवडाभर शिंकत होते असं म्हणतात, म्हणजे मीच म्हणतो. माझा मोठा भाऊ, दादा, खिशात हात घालून बाजूला उभा होता. आईने खिडकीचे गज धरले होते.

"बाकी काहीही फेकजो रे बापू," ती म्हणाली, "तुही सवयच हाय. पन जेवलो का नाई, ते मात्र खरं सांगजो."

वर्ध्याच्या मे महिन्यात अंगणात अंडं विसरलं तर त्यातून भाजलेली कोंबडी चालत बाहेर येते. अशा मुलखातला मी कुवेतला येऊन एसीचे डक्ट बसवतो. स्वतः तळून निघायचं आणि शेखच्या दिवाणखान्यात थंडी सोडायची, ही आपली ड्यूटी. सकाळी खुबूस, म्हणजे इथली रोटी, आणि डाळ, दुपारी उरलेली डाळ आणि उरलेला खुबूस, संध्याकाळी कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये चार खाटांची रूम. शुक्रवार सुट्टीचा. त्या दिवशी घरी फोन. मी आईला सांगायचो, उंटाने माझं हेल्मेट खाल्लं, शेखच्या बायकोने मिरचीचा ठेचा मागितला. ती इतकी हसायची की फोन शेजारणीकडे द्यायला लागायचा.

मग एका शुक्रवारी फोन दादाने घेतला. "झोपली हाय." पुढच्या शुक्रवारी, "वावरात गेली." त्याच्या पुढच्या, "देवळात हाय. किती फोन करतं बे, काम नाई का तिकडे?"

गावात थापांचा कारखाना म्हणून माझं नाव. पण दादाची थाप मला ओळखू आली नाही. कारण त्याला थापा येतच नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती.

गावातल्या एका मित्राने फोन केला आणि म्हणाला, "लय वाईट झालं गड्या काकूचं. तेरवीले तुही लय आठवन काढली साऱ्यांनी."

मी म्हणालो, "हो ना." जसं आई गेल्याचं मला माहीतच होतं.

मग दादाला लावला. तो म्हणाला, "सांगून काय केलं असतं तू? कंपनी सुट्टी देनार होती काय?"

मी फोन ठेवला, ड्यूटीवर गेलो, डक्ट बसवला. जेवलो. झोपलो. कुणीतरी आतला मेन स्विच पाडल्यासारखं झालं होतं. दुःख होतं का? असेल. पण दुसऱ्याच्या रूममध्ये टीव्ही लागलेला असावा तसं, भिंतीपलीकडे. गंमत अशी की गोष्टी सांगणं थांबलं नाही. कॅन्टीनमध्ये मी पूर्वीपेक्षा जास्त फेकायचो, सगळे हसायचे, आणि मला माझाच आवाज लाऊडस्पीकरवरून आल्यासारखा ऐकू यायचा. दादाशी मात्र बोलणं बंद.

माझ्या वरच्या खाटेवर केरळचा वर्गीस झोपायचा. तो मला शुक्रवारी प्रार्थनेला घेऊन गेला. इथे चर्चसुद्धा शुक्रवारीच भरतं, देवानेही इथल्या सुट्टीचा दिवस मान्य केला आहे. मी गेलो ते नंतरच्या बिर्याणीसाठी, हे येशूलाही ठाऊक आहे. पण बिर्याणी संपल्यावरही मी जात राहिलो. तिथे कुणी मला गोष्ट सांग म्हणायचं नाही. गप्प बसलेलं चालायचं.

तिथल्या प्रार्थनेत एक मागणं असतं, आम्ही इतरांना जशी माफी दिली तशी आम्हाला मिळो. तेवढ्या ओळीला माझं तोंड मिटायचं. वर्गीसने ते पाहिलं. परत येताना बसमध्ये मी त्याला सांगितलं की एका माणसाला माफ करायचं आहे, पण आतून काही येतच नाही. कोणाला आणि कशासाठी, ते नाही सांगितलं.

तो म्हणाला, "माफी फीलिंग नहीं है भाई, ड्यूटी है. मन नहीं होता तो तुम ड्यूटी नहीं जाता क्या? फीलिंग बाद में आएगा. कंपनी बस के जैसा, लेट."

पुढे मी बाप्तिस्मा घेतला. वाटलं होतं, पाण्यातून वर येताना तरी रडू फुटेल. नाकात पाणी गेलं, तेवढंच.

पहिली लांब सुट्टी मिळाली ती पोळ्याच्या सुमाराला. दादाने दारातच विचारलं, "काय रे लहान्या, किरिस्ताव झाला म्हने? मंग बैलाले हात लावाले चालते का तुले, का पाद्रीसाहेबाले विचारा लागते?"

"बैलाचं काई नाई," मी म्हणालो. "तुह्याच जवळ बसाले विचारा लागते."

तो हसला नाही. मीही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टा पडतो, तिथे कोमट पाणी, मग हळद आणि लोणी चोळायचं. आमच्या घरात बैलाच्या कानाशी लागून म्हणायची पद्धत आहे की बाबा, मारलं, राबवलं, चुकलं. घरचा पुरुष म्हणतो, मोठ्याने, सगळ्यांदेखत. बायकोला नाही, भावाला नाही, आयुष्यात कधीच नाही. ते सगळं बैलाच्या वाट्याचं.

एका बैलाशी दादा बसला, दुसऱ्याशी मी. दादाने आपल्या बैलाच्या कानात सगळं म्हटलं. चोळता चोळता तो त्या खांद्याकडेच बघत म्हणाला, "तोंडच उघडे ना माह्यं. उचलला फोन, का तू म्हने, माय कुठं हाय. मंग दुसऱ्यांदा अजून जड झालं."

हे त्याने बैलाला सांगितलं की मला, आजही नक्की सांगता येत नाही. माझ्या आत काहीच हललं नाही. राग नाही, माया नाही. पण ड्यूटीची वेळ झाली होती.

"दादा, म्या तुले माफ केलं."

त्याने मान वर केली. "माफी? मांगतली कोनं?"

"नाई मांगतली. तरी देल्ली."

"असं असते का तुह्या धर्मात? न मांगता?"

"असंच असते."

तो म्हणाला, "त्या बैलाचं डावं अंग राह्यलं," आणि लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. एवढंच. आकाश फाटलं नाही, दूत उतरले नाहीत. दुसरा कुणी विचारेल तर मी उतरवीनही, पण इथे नाही.

मी परत आलो. सुट्टीनंतरच्या पहिल्या प्रार्थनेत ती ओळ तोंडातून गेली, कोरडीच गेली.

हिवाळ्यात एकदा मी शिडीवर असताना दादाचा फोन आला. शुक्रवारचे फोन पुन्हा सुरू झाले होते, पण तो दुपारचा कधी करत नाही. "आयक," तो म्हणाला, "वाईट हाय. आपली म्हैस मेली. आत्ता, अर्धा घंटा झाला. म्हटलं तुले पयले सांगा लागते."

मी शिडीवरून उतरलो, फरशीवर बसलो आणि रडलो. असा रडलो की शेखच्या बागेला आठवडाभर पाणी द्यावं लागलं नाही. वर्गीस धावत आला. "कौन मर गया?"

"भैंस," मी म्हणालो.

तो हसला नाही, शेजारी बसला. मग मी त्याला आईचं सांगितलं, पहिल्यांदाच, आणि त्यात एक शब्दही वाढवला नाही. आतलं सगळं अजून जागेवर आलेलं नाही. काही शुक्रवार अजून भिंतीपलीकडच्या टीव्हीसारखेच जातात.

तिकडे राहिलेल्यांनो, आम्हाला सांगत जा. आम्ही दूर आहोत, काचेचे नाही. आणि इकडे आलेल्यांनो, तुम्हाला कुणी विचारलं घर कुठे, तर तुम्ही काय सांगता माहीत नाही. मी पूर्वी जिल्हा, तालुका, धरण, वाघ सगळं सांगायचो. आता एवढंच सांगतो की तिकडे एक माणूस आहे, वाईट बातमी हातात आली की तो आधी माझा नंबर लावतो.