ट्यूबखालचा काळा, उन्हातला काळा

मंडळी, गटात कोणी नुसत्या काळ्या शाईवर फोटो छापत असेल, तर कृपा करून आजच उत्तर द्या.

सकाळी बावड्याचे तात्या इंदापुरात माझ्या स्टुडिओत आले. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. वडिलांचा एकच फोटो उरलाय: डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर काळं घोंगडं. उद्या वर्षश्राद्ध आहे. मी तो स्कॅन करून इंकजेटवर मोठा छापून ठेवला होता. काळी शाई संपली होती, म्हणून रंगीत शाया मिसळून काळा काढला. प्रिंट झकास दिसत होता.

तात्या तो घेऊन थेट रस्त्यावर गेले. म्हणाले, "ट्यूबखाली काय कळतंय? आमी घोंगडं बी उन्हात बघितल्याबिगर घेत न्हाय."

उन्हात दाढी हिरवट दिसली. घोंगड्याचा नुसता काळा डाग, वीण कुठंच नाही. तात्या हळूच म्हणाले, "आमचं आबा आजारी वाटत्यात."

दुपारची एसटी धरून बारामतीहून काळं कार्ट्रिज आणलं. आता नुसत्या काळ्या शाईवर छापलंय, सावल्या जरा उजळ करून. पटक्याच्या घड्या आल्यात, घोंगड्याची वीण दिसतेय, मधल्या करड्या छटाही आहेत.

पण प्रिंट निघेपर्यंत दिवस मावळला. तात्या उद्या पहिल्या एसटीनं येणार आहेत.

उन्हात हा असाच दिसेल का हो? ट्यूबखाली तर सकाळचाही झकासच दिसत होता.