खालाच्या गच्चीवरचा डबा

कंधारमध्ये आम्ही केबल सुरू केली तेव्हा कंपनी म्हणजे एक डिशची छत्री, दोन भागीदार आणि एक शिडी. खांब रोवायची ऐपत नव्हती, म्हणून वायर गच्चीवरून गच्चीवर नेली. वायर लांब गेली की चित्राला मुंग्या यायच्या. मग मध्येच कुणाच्या तरी गच्चीवर सिग्नल वाढवणारा डबा बसवायचा आणि त्याला त्याच घरातून लाइट घ्यायची. कागद नाही, सही नाही. ज्याच्या गच्चीवर डबा, त्याला टीव्ही फुकट, एवढाच करार.

सगळ्यात मोठ्या गल्लीचा डबा खालाच्या गच्चीवर होता. खाला म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, शिवणकाम करणारी, एकटी. लेक बिलोलीला दिलेली. आमच्याकडे लाइट जाते आणि परत येते ती दणका देऊनच. तशी आली की खालाच्या मेनचं बटन खाली पडायचं आणि पुढच्या सगळ्या घरांतले टीव्ही बंद. बटन वर करायला घरात माणूस हवं, म्हणून खाला कुठे मुक्कामाला जात नसे. लेकीकडे सकाळी गेली तर संध्याकाळच्या मालिकांच्या आत परत. मी म्हणायचो, "खाला, ऱ्हावा की दोन दिवस."

"आन बटन कोन वर करंल, तुझा बाप?" ती हसून म्हणायची.

पुढे नांदेडच्या एका कंपनीनं तालुक्यातालुक्यांतले आमच्यासारखे छोटे केबलवाले जोडून घेतले. सेटटॉप बॉक्स आले, इंटरनेट आलं. मागच्या दिवाळीआधी फायबर आली. तिला आमच्या गल्ल्यांत मध्ये डबा लागत नाही आणि कुणाच्या घरची लाइटही लागत नाही. बाकीचे डबे मी दोन दिवसांत उतरवले. खालाच्या घरी नवी वायर जोडली, टीव्ही सुरू करून दिला, पण गच्चीवरचा डबा तसाच ठेवला. त्याचा लाल दिवाही जळत राहू दिला. इतकी वर्षं गल्लीचा टीव्ही सांभाळलेल्या बाईला "आता तुमची गरज न्हाई" हे कोणत्या तोंडानं सांगायचं? लिहाज म्हणून, भिडेखातर गप्प बसलो. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललं.

तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नव्हतं. लाइट येऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच खालाचा फोन. "बेटा, बटन वर केलं. आलं का?"

"आलं, खाला."

फोन ठेवला की मी दुकानात येरझारा घालायचो. बायको विचारायची, "काय पाय भाजून राहिले का?" तिच्यावरच खेकसायचो. खालाच्या गल्लीतून जायचं सोडलं, लांबच्या रस्त्यानं जाऊ लागलो.

मग कळलं, खालाची लेक दुसऱ्यांदा बाळंत झाली. खाला सकाळी गेली आणि संध्याकाळी परत आली. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण आता सांगणं म्हणजे आधीचं सगळं खोटं कबूल करणं. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

परवा दुपारी लाइट आली आणि फोन वाजला. तो उचललाच नाही, थेट तिच्या दारात गेलो. ती मशीनवर बसली होती. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "खाला, डबा आता नुसता नावाला हाय. टीव्ही त्याच्यावर चालत न्हाई."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

तिनं हातातलं कापड घडी करून ठेवलं. "लेक म्हनली व्हती, अम्मी, बाळंतपनाला चाळीस दिवस ऱ्हा. मी म्हनलं, गल्ली बंद पडंल." मशीनवर झाकण ठेवत म्हणाली, "मागच्या जुम्म्याला गेल्ते. थोरल्या नातीला घेतलं तर रडाया लागली. वळखतच न्हाई मला."

मला तोंड वर करवेना. "खाला, चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

"जा, काढ तो डबा," ती म्हणाली.

जिना बाहेरूनच होता. वर गेलो. नट गंजून घट्ट बसले होते, घाम फुटला तरी सुटेनात. तासाभरानं डबा काखेत मारून खाली उतरलो, तर दाराला कुलूप. शेजारीण ओट्यावर ज्वारी निवडत होती.

"बिलोलीच्या गाडीला गेल्या," ती म्हणाली. "मोठी पिशवी घेऊन."

"मला काही सांगायला सांगितलं का?"

"न्हाई."