धुतलेला फोम

सन २००६. मी एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण मला कोणी फसवून गेला असं सहसा झालं नाही. एकदाच झालं, आणि ते त्याच वर्षी, म्हणून आधी ते सांगतो.

आमचं गाव हिवरखेडच्या अंगाला. त्या पावसाळ्यात एक टाय बांधलेला माणूस जीपमधून बाटल्या विकत आला. म्हणे यात जिवंत जिवाणू आहेत, जमिनीत सोडा, कपाशीला खत लागणार नाही. तीन घ्या, चौथी फुकट. मी सगळ्यांच्या पुढे होऊन चार घेतल्या. कपाशी होती तशीच राहिली. शेवटची बाटली मी जिभेवर टाकून पाहिली. गुळाचं पाणी! तेव्हा आमच्या भागात बियाणं बोगस, औषध बोगस निघत होतं. माणूस तरी खरा आहे का, हे चिमटा घेऊन पाहावं असे दिवस.

दिवाळीनंतर माझ्या बायकोला लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड जरा वाकडं झालं. जीभ मात्र शाबूत राहिली. शेत भावाकडे देऊन आम्ही अकोल्याला पोराच्या दोन खोल्यांत आलो. बुढी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. डॉक्टर म्हणाले, हिला पाहायला काही द्या, बोटं हलवायला लावा. पोराने काचेची दोन फुटी टाकी आणली आणि मासे आणायचं काम माझ्यावर टाकलं.

मासेवाल्याचं दुकान दोन गल्ल्या टाकून होतं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुसलमान माणूस, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यापाशी मी खिशावर हात ठेवूनच उभा राहतो.

"काकाजी, आत्ता मासे नका नेऊ," तो म्हणाला. "नुसतं पाणी चालू ठेवा. महिना-दीड महिना पकू द्या. लईच घाई असंन त दोन न्या."

"काहून? रिकामं पाणी पाहाले टाकी आणली का आमी?"

"पाण्यात जिवाणू तयार व्हा लागतात. माशाची घाण तेच खातात. नव्या टाकीत ते नसतात."

जिवाणू! शब्द ऐकला आणि मला तो टायवाला दिसला. आज म्हणेल महिना थांबा, उद्या म्हणेल बाटली घ्या.

"सहा दे," मी म्हणालो.

"मरतीन, काकाजी."

"मेले त पाहू."

सहाच का, ते त्याला सांगायची गरज नव्हती. पाच मासे बुढीने डाव्या हातावर मोजले असते. सहाव्यासाठी उजवा हात लागणार होता.

आणि लागला. पहिल्याच सकाळी तिने डावी पाच बोटं मिटली, मग डोळे घट्ट बंद करून जोर लावला. उजवी करंगळी गव्हाच्या दाण्याएवढी उचलली. मी दुसरीकडे पाहिलं.

टाकीच्या पंपाला पाणी गाळायचा काळा फोम होता. फवारणीच्या पंपाची जाळी रोज न धुणाऱ्या माणसाला मी कधी कामाला ठेवला नाही. तसाच हा फोमही रोज सांजेला काढून घासून पिळून चकचकीत करायचो. नळ आला की टाकीत ताजं पाणी भरायचो. ब्लिचिंगचा वास आला की बरं वाटायचं, पाणी शुद्ध आहे म्हणून.

आठव्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. नवव्या दिवशी एक मासा मेला, दहाव्या दिवशी दुसरा. बुढीने मोजणं सोडलं. "चार त एका हातात मावतात," म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

मी मेलेला मासा कागदात गुंडाळून दुकानात गेलो. "रोगी मासे खपवतो का रे म्हाताऱ्यापाशी?"

त्याने मासा उलटा-सुलटा करून पाहिला. "फोम धुता का?"

"रोज."

"नळाच्या पाण्यानं?"

"मंग काय गंगेच्या?"

त्याने कपाळावर हात मारला. "काकाजी, त्या फोमातच त जिवाणू घर करतात. तुमी रोज घर मोडून राहिले त्यायचं."

मग त्याने कपाटातून जिवाणूंची बाटली काढलीच. मला हसू आलं. "चाखून पाहू का?"

"नको त नका घेऊ. माझी टाकी चार वर्षांपासून चालू हाये. तिच्यातला फोम देतो, तुमच्या टाकीत लावा. पैसे नको."

फुकट! टायवाल्यानेही चौथी बाटली फुकटच दिली होती. याच्या टाकीतला रोग माझ्या घरात घालायचा असेल. मी नाही म्हणून निघालो. तो मागून ओरडला, "निदान अर्धं पाणी बदला! ड्रममधलं शिळं पाणी घाला, ताज्यात ब्लिचिंग असते, जिवाणू मरतात!"

घरी येऊन मी मासेवाल्याच्या नावाने दोन शिव्या घालत सगळं सांगितलं. बुढीने मान वळवली.

"म्हणजे विरजण," ती म्हणाली.

"काय?"

"दुधाले जुनं दही लागते का नाही? शेजारीण विरजण देते तिले पैसे देता का? तुमी रोज विरजणाचं भांडं घासून ठेवता, आन वरून म्हणता दही काहून लागत नाही."

पन्नास वर्षं शेती केलेल्या माणसाला बाजेवरून हे ऐकावं लागलं. मी चपला घातल्या.

"थांबा. दिवे लागले. सांजेचं कोणी विरजण मागते का? देणाऱ्याची बरकत जाते."

"तो मुसलमान हाये. त्याले काय फरक पडते?"

"त्याच्या घरात बरकत नसते का?"

चपला काढल्या. मासे वर येऊन तोंड उघडत होते, उन्हातल्या कोंबड्यांसारखे. करून पाहण्यात काही जात नव्हतं. अर्धं पाणी काढलं, ड्रममधलं तीन दिवसांचं घातलं. फोमाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून स्टीलचा डबा घेतला. रिकामा नेऊ नये म्हणून गावाहून आलेल्या तुरीच्या शेंगा भरल्या आणि दुकानाचं शटर उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसलो. त्याने शेंगा ठेवून घेतल्या आणि दाराजवळच्या टाकीत हात घातला.

"हा नाही," मी म्हणालो. "त्या कोपऱ्यातला. तिथला मासा म्हातारा हाये."

"शक काही जात नाही तुमचा!"

"बियाणं मी हातानंच निवडतो."

फोम तपकिरी, बुळबुळीत होता. हुंगून पाहिला. नदीकाठच्या ओल्या मातीचा वास.

"अजून दोन मासे देऊ?"

"महिना होऊ दे," मी म्हणालो. तो हसला, मी हसलो नाही.

घरी येऊन माझा चकचकीत फोम काढला आणि हा बसवला. पाण्यात गढूळ धूर उठला. बुढी या कुशीवर वळून पाहत होती. मग मी खुर्ची ओढून टाकीपुढे बसलो. सून स्वच्छतेची फार, आणि पोराचाही काही भरवसा नव्हता. कोणी फोम धुवायला येतं का, ते पाहायचं होतं.