दाढेचं निमित्त

मनाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जायचं म्हणून आमच्या घरी तीन दिवस तयारी चालली होती, आणि त्या तयारीत सगळ्यांत जास्त खपली ती लवंग. कारण गावाला सांगायचं काय, हा आईपुढचा पहिला प्रश्न होता. बारामतीला जायचं, तेही आई-बाप दोघांनी, लेकीला मध्ये घालून, म्हणजे लोक विचारणारच. स्थळ बघायला चाललोय म्हणावं, तर मुलीला बरोबर घेऊन कोण जातं? पोटाचं काही सांगावं, तर बिनलग्नाच्या मुलीच्या पोटाची चर्चा नको. आईने सगळ्या अवयवांचा विचार करून शेवटी अक्कलदाढ निवडली. दाढेवर कुणी संशय घेत नाही.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं. आमचं गाव पळसदेवच्या अलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. मी चोवीस वर्षांची होते आणि जवळच्याच एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवत होते. दिवाळीनंतर माझी झोप गेली, मग भूक गेली, आणि एक दिवस फळ्यावर वार-तारीख लिहून मी खडू धरून तशीच उभी राहिले. किती वेळ, ते मला आठवत नाही. पोरं बिचारी हाताची घडी घालून बसून होती. हेडमास्तरांनी मला रजेवर घरी पाठवलं. इंदापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं, आणि दुसऱ्या खेपेला चिठ्ठीवर बारामतीचा एक पत्ता लिहून दिला. "हे मनाचे डॉक्टर. दर गुरुवारी पुण्याहून येतात. उशीर करू नका," ते म्हणाले. आईने त्या चिठ्ठीला इतक्या घड्या घातल्या, की परत उघडताना ती फाटली.

दाढेची बातमी सोमवारी फुटली. संध्याकाळपर्यंत लवंगा आल्या, लवंगेचं तेल आलं. शेजारच्या चुलतीने तर पेरूची पानं उकळून आणली आणि माझ्या गुळण्या होईपर्यंत ती समोरून हलली नाही. कुणी आलं की गालाला हात लावून विव्हळायचं, एवढंच माझं काम. मंगळवारी मी डावा गाल धरला आणि बुधवारी चुकून उजवा. चुलती म्हणाली, "आगं, काल डावी हुती की!"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन्हीकडच्या उठल्यात. हिचं समदं जोडीनंच आसतं."

मी पदरात तोंड घालून हसले. त्या अख्ख्या हिवाळ्यात मी हसले ती तेवढीच.

चुलती गेली की खरी तयारी सुरू व्हायची. आई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि स्वतःच डॉक्टर व्हायची.

"झोप येती का?"

"नाही."

"बास. एवढंच बोलायचं."

"रडू येतं का, असं विचारलं तर?"

"न्हाय इचारत. आन इचारलंच तर म्हनायचं, दाढ दुखती तवा येतं."

"आई, निदान त्यांना तरी खरं सांगायचं ना?"

"एकदा कागदावर चढलं की चढलं, बाई. उद्या नोकरीवर आलं म्हंजी? अन् पावणं बगायला आलं तर त्यास्नी काय ह्यो कागद दावायचा?"

आईचं चुकत होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा मलाही आईसारखंच वाटत होतं. पगाराची नोकरी लागलेली घरातली पहिली मी, आणि ती खडू हातात धरून गमावली असं मला होऊ द्यायचं नव्हतं.

पण आईच्या प्रश्नपत्रिकेत नसलेली एक गोष्ट माझ्याजवळ होती. मला मरावंसं वाटत होतं. दुपारी सगळे कामाला पांगले की मी फुगवट्याकडे जायचे, उभी राहायचे आणि परत यायचे. हे कुणालाच ठाऊक नाही अशी माझी खात्री होती. डॉक्टरांना ते सांगितलं तर आपण वाचू, असं एक मन म्हणायचं. पण शेजारी आई-आबा बसलेले असताना ते सांगायचं कसं? मी ते वाक्य मनातल्या मनात घोकत होते, पोरांकडून पाढे घोकून घेते तसं, आणि दर वेळी पहिल्याच शब्दाला अडत होते.

आबा, म्हणजे माझे वडील, या गडबडीत कुठेच नव्हते. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं होतं. पुढे शेताला पाणी आलं, ऊस आला, कळप विकला, तरी पाच-सहा मेंढरं त्यांनी हौसेखातर ठेवली होती आणि दिवसभर ते त्यांच्यातच असायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा. पोरगी डोळ्यांदेखत वाळत चाललीय आणि हा माणूस मेंढीचा खूर उचलून काटा शोधत बसलाय! त्या तीन दिवसांत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गुरवारी यस्टी कितीला हाय?"

गुरुवारी आईने मला न्हाऊ घातलं, केसांना तेल चोपडून घट्ट वेणी घातली, ठेवणीतली साडी नेसवली, वर पावडर. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना आधी धडधाकट करून न्यायचं, अशी आमच्याकडे रीतच आहे. एसटीत गावातलं कुणी भेटेल म्हणून भिगवणपर्यंत माझ्या गालात कापसाचा बोळा होता. तिथे गाडी बदलली तेव्हा मी तो थुंकून टाकला.

डॉक्टर चाळिशीचे, हळू बोलणारे होते. आम्ही तिघं त्यांच्यासमोर ओळीने बसलो, मी मध्ये.

"काय होतंय?" त्यांनी मला विचारलं.

"झोप येत नाही."

"आणखी?"

"आनखी काय न्हाय," आई म्हणाली. "एरवी झ्याक हाय."

"जेवण?"

"जेवती की."

"रडू येतं का?"

मी आईकडे पाहिलं. "दाढ दुखते तेव्हा," म्हटलं. डॉक्टरांनी दाढेचंही लिहून घेतलं. माझं घोकलेलं वाक्य याही वेळी पहिल्याच शब्दाला अडलं. आता गोळ्या मिळणार, आपण घरी जाणार आणि उद्या दुपार होणार, एवढं मला स्वच्छ कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

तेवढ्यात आबा खाकरले.

"सायेब, मी सांगू का? जनावराच्या डाक्टरला आमालाच समदं सांगाया लागतं, जनावर बोलत न्हाय म्हनून. हिची बी आता तीच गत झालीया."

डॉक्टरांनी मान हलवली आणि आबा सांगायला लागले.

"दिवाळीपातूर दोन भाकऱ्या खायाची. संक्रांतीला एकीवर आली. आता चतकोर, ती बी हिच्या आईम्होरं हातात घिती अन् मागं जाऊन कुत्र्याला घालती. पाटंचं तीनला उठून भितीकडं तोंड करून बसती. येनी चार-चार दिस तशीच आसती, आजची आईनं घातलीया, ती धरू नगा. अन् दुपारचं पान्याकडं जाती. आजपातूर सतरा येळा गेली. पयल्यांदा बाभळीपाशीच थांबायची. गेल्या आटवड्यात दोनदा गुडघाभर पान्यात हुबी हुती."

आईचा हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट झाला. मी किती वेळा गेले होते ते मलाही माहीत नव्हतं. मी मोजलंच नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला हे कसं कळलं?"

"मेंढरं घिऊन मागंच आसतो की. लांबनं."

"मग हटकलं का नाही?"

"आजारी मेंढरू कळपातनं बाजूला हुतं, सायेब. त्येच्या मागं पळालं तर ते आनखी लांब जातं. म्हनून आपुन अंतर ठिवून चालायचं. नजर तेवढी काढायची न्हाय. पर आता मला एकट्याला उरकंना, म्हनून तुमच्याकडं आनली."

"आणि एखाद्या दिवशी ती पुढे गेली असती तर?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "गेलो आसतो मागं," ते म्हणाले. "मला पवाया येत न्हाय."

मला लाज वाटली, रडू आलं, आणि या माणसाला उद्या दुपारी परत त्या काठावर उभं करायचं नाही, एवढं मात्र एकदम नक्की झालं. डॉक्टर आबांना आणखी काही विचारणार, तोच मी म्हटलं, "आता मी सांगते," आणि दिवाळीपासून सगळं सांगायला लागले. आई मध्ये एकदाही बोलली नाही.