तीन लाइफ

सकाळपासून आभाळ भरून आलेलं, घरात सुईचं नाक दिसेना. म्हणून शिंपीणबाई दारात स्टूल टाकून शर्टांची काजं करत बसल्या. मनात पोरीची काळजी होती.

नव्या घरी येऊन दोन महिने झाले, तरी नऊ वर्षांच्या त्या पोरीला मैत्रीण नव्हती. सदान्‌कदा मोबाइलवरचा गेम. त्यात कुणी मेलं की ओरडायची, "आउट! चल, फूट!" परवा अंगणात शेजारच्या चिमुरडीलाही तिने तेच सुनावलं. चिमुरडी रडली आणि बाकीच्यांनी हिलाच खेळातून हाकललं.

आज बाईंनी मोबाइल काढून घेतला. "जा खेळायला. आणि त्या छोटीला कच्चं लिंबू घ्या. पकडली तरी आउट धरायचं नाही."

अंगणात पोरांची पकडापकडी ठरत होती. पोरीने निमूटपणे आईचा निरोप सांगितला, तर चिमुरडी फुरंगटली. "मी नाही लिंबू!"

बाईंची सुई थांबली. आता कार्टी पुन्हा तोंड सोडते की काय!

पोरीने डोकं खाजवलं. "बरं, मग तुला तीन लाइफ. तिसऱ्यांदा पकडलं की आउट."

चिमुरडीने तीन बोटं मोजून बघितली. "चालेल."

"मलापण तीन!" एक दांडगा पोरगा म्हणाला.

"घोडा झालास की! तुला अर्धी."

सगळी खिदळली. "मग राज्य कुणावर?"

"हिच्यावरच!" सगळ्यांनी पोरीकडे बोट दाखवलं.

पोरगी त्यांच्यामागे धावत सुटली. बाईंनी दोरा ओवला आणि पुढचं काज हातात धरलं.